पत्रिकेखालचा दुसरा कागद

नाही नाही, पत्रिकेत खोट नाही — ती ठेव बाजूला, दहांतली आठ पोरुत्तमं जुळतात, आमचा जोशी तर खूष झाला — मी म्हणतोय ते ह्या दुसऱ्या कागदाचं. पत्रिकेखाली लावून धाडलास तो. सिबिलचा रिपोर्ट. आम्ही मागितला म्हणून धाडलास, खरं आहे, हल्ली तंजावरात आमच्या लोकांत सगळेच मागतात, तोंडानं मुलगा लाख सांगेल — पण स्वतः वाचून न पाहताच धाडलास का रे, कार्तिकेया? का वाटलं, मुलीचा काका, म्हातारा अनिरुद्धराव, त्याला काय कळतंय? मी एकतीस वर्षं सरकारी ट्रेझरीत काढली. कागद मजकडे आला की नागडा होतो. — कॉफी घे. नकार तुजला आहे, कॉफीला नाही. आणि मागल्या रविवारी तुझ्या आईसमोर 'अहो, या, बसा' म्हणालो, ते जावई होशील म्हणून. आज 'अरे' चालेल.

चार क्रेडिट कार्डं! पापनाशमजवळच्या खासगी पॉलिटेक्निकात शिकवणारा मुलगा, पगार बेचाळीस हजार, आणि कार्डं चार. बापाचं ऑपरेशन — ठाऊक आहे, तुझ्या आईनं रडत रडत सांगितलं, त्रिचीचं मोठं हॉस्पिटल, चार लाख. पहिल्या कार्डावर दोन, दुसऱ्यावर दोन. मग तिसरं काढलंस आणि दोन्हींची बाकी त्यावर हलवलीस — बॅलन्स ट्रान्सफर, तीन महिने व्याज नाही, नुसती फी — केवढी हुशारी! मग तीन महिन्यांनी चौथं. ह्या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात, त्यातलं ह्यात, आणि म्हणायचं तहान भागली. बाप वाचला असता तर मी एक शब्द बोललो नसतो, देवाशप्पथ — जिवंत बापाचं कर्ज मुलाला शोभतं. पण माणूस बाराव्या दिवशी गेला आणि हप्ता आपला चालूच. कसं वाटतं रे, दर महिन्याच्या पाच तारखेला? रागावू नकोस. मी आपलं विचारतोय.

आणि केलंस तेही धड नाही. चौथ्या कार्डाची बिनव्याजी मुदत ऑगस्टात संपली, सप्टेंबरात तू किमान रक्कम भरून गप्प बसलास — अय्यो, तिथंच मेलास! त्या दिवसापासून साडेतीन टक्के, वर्षाला नव्हे, महिन्याला! मुदत संपायच्या दहा दिवस आधी हलवायचं असतं. आणि फी? अडीच टक्के दिलीस? सांगितली तेवढी मुकाट दिलीस? अरे, दोनदा 'नको' म्हणायचं, तिसऱ्यांदा ती बँकेची चेन्नईची मुलगी स्वतः फोन करते, 'सार, एक टक्का करून देते' — मी तर गेल्या खेपेला पाऊण टक्क्यावर आणली — काय? मजला कसं ठाऊक? ट्रेझरी, सांगितलं ना. — ट्रेझरीत क्रेडिट कार्डं नसतात? फार बोलतोस रे तू. कर्जदारानं इतकं बोलू नये. — बरं, सरी. ऐकायचंच आहे? मग ऐक.

दार ओढ ते. माझी बायको राजम देवळात गेलीय, पोरगी शांभवी गच्चीवर वाळलेले वडाम-पापड काढत्येय, कुणी नाही. पाच कार्डं आहेत. माझ्या नावावर? पेन्शनवाल्याला कोण देतो! तिच्या. शांभवी सरकारी शाळेतली मास्तरीण, स्कोअर सातशे नव्वद, बँका पायघड्या घालतात. सहा लाख चाळीस हजार. दचकलास? शेअर बाजार, आणखी काय — तिच्याच लग्नासाठी वाढवत होतो, खरं सांगतो, पहिल्या महिन्यात अकरा हजार आलेसुद्धा — मग गेले, मग गेलेले परत आणायला आणखी गेले, तसंच असतं ते. — तिला? तिला कुठलं ठाऊक! तिला वाटतं काका तिच्या लग्नाची ठेव सांभाळतोय. सेतुमाधव, माझा धाकटा भाऊ, तिचा बाप, गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. मी जेवू घातलं, मी शिकवलं. त्या जेवणाचा हिशेब मी कधी मागितला? नाही ना? मग झालं तर! तीन वर्षं हलवतोय, ह्यातून त्यात, एकदासुद्धा व्याज भरलं नाही. तुझ्यासारखा आईला पुढं करून रडत बसलो नाही.

तेव्हा दोष तुझा नाही, एवढं घेऊन जा. ओरत्तनाडूचा एक मुलगा आला होता, स्कोअर आठशे दोन, एका पैशाचं कर्ज नाही — त्याला पत्रिका जमत नाही म्हणून कळवलं. कुंभकोणमच्याला सांगितलं मुलगीच नको म्हणते. करू काय? लग्न झालं की पगार नवऱ्याच्या घरी, नवरा बँकेचे कागद उघडणार, मग? आता बत्तिसावं चालू आहे, आणखी चार वर्षांत कुणी विचारायलाही येणार नाही. तिला नोकरी आहे, मी आहे, खायला-प्यायला आहे, काय कमी आहे? तुझं एक बरं झालं, तुझा कागदच असा की मजला खोटं बोलावं लागलं नाही. काल दाखवला तिला. म्हटलं, बघ, असल्या बुडत्याच्या गळ्यात बांधू तुजला? रडली थोडी. आवडला होतास तू तिला, का ते देव जाणे. — सांगशील? तिला सांगशील? सांग की! गळ्यापर्यंत कर्ज, वर नकार मिळालेला, असा मुलगा काकाविरुद्ध बोलतोय — कोण विश्वास ठेवील? तुझी आईसुद्धा नाही ठेवणार.

थांब, हा फोन... हं. आजच, बघ. तीन लाखांची मुदत आज संपते, रात्री बारानंतर साडेतीन टक्के. ते नव्या कार्डावर हलवतोय, सगळं भरून झालंय, फक्त ओटीपी राहिला. तो तिच्या फोनवर जातो. ती वाचते, मी टाकतो. कशाचा म्हणून आजवर विचारलं नाही पोरीनं — गंमत बघायचीय? बस, बस, बघूनच जा. शांभवी! अगं शांभवी, ओटीपी आलाय बघ, वाच! — अं? इथंच आहेस? दाराआडच? वडाम काढून झाले इतक्यात? कधीपासून — बरं, असू दे. वाच.

हं... हं... हं. — चुकीचा म्हणतोय. नीट बघून वाच गं, चष्मा लाव. दुसरा मागवलाय. आला? आता हळू. एकेक आकडा. हं... हं... झाले सहा. पुरे. अगं पुरे म्हणतो ना, ओटीपी सहा आकड्यांचा असतो, तू आणखी काय वाचत्येस — थांब. हा तर तुझा मोबाइल नंबर आहे! तुझा नंबर मजला कशाला सांगत्येस? शांभवी, इकडे बघ, माझ्याकडे बघ, त्याच्याकडे नव्हे — बाळ, तीन लाख आहेत, आज शेवटचा दिवस आहे, तो आलेला ओटीपी वाच — आणि तू काय लिहून घेतोयस रे? त्या रिपोर्टच्या मागं काय लिहितोयस? दे इकडे. कार्तिकेया, कागद दे. ऊठ, बस चुकेल तुझी, ऊठ — शांभवी, तू कुठं निघालीस? चप्पल कशाला घालत्येस? शांभवी —