इंजनासंग बोलनारा दादा

माहं नाव गेंदलाल. कामठ्याच्या जवरचं आमचं गाव, धानाचं गाव, मधात घरं आन चारी बाजूनं बांध्या. बांधी म्हनजे आमचं धानाचं शेत, तुमी बाहेरचे म्हनून सांगून राहिलो. बाबूजीची हालर मशीन होती, गावचं धान आमच्याच घरी कांडलं जाये, हालरचं इंजन सुरू झालं का भिताडं थरथरत, आन आमी दोघं भाऊ त्याच आवाजात लहानाचे मोठे झालो. दादा माह्यापेक्षा मोठा. बाबूजीनं इंजनाची विद्या देली ते दादाले, मले देली बडबड. हासू नका, खरंच आहे, माहं तोंड चालते आन दादाचे हात चालतात.

आता गाडीचं सांगतो. आमी लहान होतो तवा बाबूजीसंग बंडीत धान भरून गोंदियाले जावो. एकडाव सडकेवर मांगून एक गाडी आली, लाल, बसकी, वरतं छत नाही, दोनच सीटा, आन आवाज असा का आमचे बैल उधरले, बाबूजीनं कासरा ओढून ओढून बंडी थांबवली. राईस मिलवाल्या शेठची गाडी होती ते, म्यांगनीजच्या खदानीतला गोरा साहेब देश सोडून गेला तवा शेठनं त्याच्याजवरून घेतली होती, विलायती, रेसची. बाबूजी शिव्या देऊन राहिले आन मी बंडीत उभा राहून म्हनलो, मोठा झालो का हेच गाडी घेईन. दादा म्हनला, पहिले आंगी तं घे. माह्या आंगीले बाही नव्हती ना.

मंग बाबूजी गेले आन वाटनी आली. काय सांगू तुमाले, वाटनीत मानूस मानसाले दिसत नाही. सडकेकडची बांधी दादाच्या वाट्याले गेली, मले राग आला, चार पाहुन्यांसामोर मी बोललो, तोही बोलला, आन आंगनात भिताड उभं झालं. मोठं नाही, छातीएवढंच. पन बोलनं बंद. वहिनी आन माही बायको बोलत, पोट्टे इकून तिकडे खेलत, त्याच्या घरच्या तिखटाचा ठसका माह्या घरी ये, पन दादाचा शब्द नाही ये. मले सारं गाव बोलाले होतं, गोंदियाचा बाजार होता, पन मले दादा पाहिजे होता. हे मी तवा कोनाले सांगितलं नाही, आता सांगतो.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असन. धान घेऊन मी त्याच मिलवर गेलो होतो. मोठे शेठ जाऊन खूब साल झाले होते. गोडाऊनमांग बारदान्याचा ढीग होता, त्याच्याखालून एक लाल कोपरा दिसला. मी बारदाना हटवला, तं तेच गाडी! उंदरांनी सीटा खाल्ल्या होत्या, रंग गेला होता, पन तेच. शेठचा पोरगा म्हनते, अरे भैया, ये तो कबाड है, इंजन जाम पड़ा है, बरसों से हिला नहीं. मी म्हनलो, जाम तं जाम, आमाले देऊन टाका. आन ट्रॅक्टरले दोर बांधून घरी आनली. सारं गाव मांगंमांगं. बायको दारातच उभी, म्हनते, कायले आनलं हे डबडं, लोक धान इकून सोनं आनतात आन ह्या मानसानं लोखंड आनलं. मी म्हनलो, चालन. ते म्हनली, कोनाच्या हातानं? गोंदियाचे मिस्त्री येऊन पाहून गेले, कोनी हात लावाले तयार नाही. ज्याचा हात पाहिजे होता तो भिताडाच्या पलीकडे होता.

मंग मीच इंजन उतरवलं, चिचेच्या झाडाखाली मांडलं आन खोलाले बसलो. पिस्टन सिलिंडरात चिकटून बसले होते. मी घेतला हातोडा आन ठोकाले लागलो. तं पलीकडून दादाचा आवाज, वहिनीले म्हनते, पन असा म्हनते का मले ऐकू आलं पाहिजे, म्हनते, अवो, त्याले सांग, लोखंडावर लोखंड नाही मारा लागत, मधात लाकूड ठेवा लागते. वहिनी म्हनली, तुमीच सांगा ना. मी लाकूड ठेवलं. घंटाभर ठोकलं, पिस्टन हाललाच नाही. दुसऱ्या दिवशी सकारीच दादा फाटकातून आला. माह्याकडे पाहिलं नाही. इंजनासामोर बसला, सिलिंडरात घासलेट आन ऑइल टाकलं आन इंजनाले म्हनते, इंजना, तुले ज्यानं ठोकलं त्याले अक्कल नाही, तू आता चार रोज आराम कर.

तवापासून रोज. मले बोले नाही, इंजनाले बोले. इंजना, तुह्या ह्या नटाले बारीक पाना लागते, ज्याच्याजवर असन त्यानं आनावा. मी धावत आनो. इंजना, तुह्या रिंगा नागपूरले भेटतीन, कोनी रिकामा असन तं जाईन. मी नागपूरले. पिस्टन सुटले, सिलिंडर लेथवर देले, व्हॉल्व दादानं हातानं घासले, माप घे, काढ, अजून घास, नजर एकटक. बायकोनं चहा देला तं घे, मी देला तं मडगार्डवर ठेवून दे, थंडा झाला का पिये. एकडाव मी म्हनलो, दादा, सडकेकडची बांधी तुह्यीच राहू दे, मले नाही पाहिजे. तो इंजनाले म्हनला, इंजना, गास्केट नीट बसली का पाहा लागन.

दिवारी झाली का आमच्याइकडे गावोगावी मंडई भरते, हर गावचा दिवस ठरलेला, बहिनी-जावई येतात, दुकानं लागतात, दंडार नाचते. मी आपला तोंडाचा मानूस, साऱ्या गावाले सांगून बसलो का मंडईच्या दिवशी गाडी सुरू होईन. दादानं ऐकलं. इंजनाले म्हनला, तुले न पुसता हे कोनी ठरवलं?

आला मंडईचा दिवस. इंजन गाडीत बसलं होतं, पेट्रोल टाकलं, आंगनात पाय ठेवाले जागा नाही, भिताडावरही पोट्टे बसलेले. दादा हात धुवाले गेला. मले वाटलं, एवढं मोठं काम, असंच कसं सुरू कराचं. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाबूजी हालरच्या इंजनाले हळद-कुंकू लावत, चाकावर नारेल फोडत आन सारं पानी इंजनावर सोडत. तसंच मी केलं. हळद लावली, कुंकू लावलं, इंजनाच्या लोखंडावर नारेल फोडलं आन दोन्ही हातानं पानी सोडलं. पन हालर ते हालर, आन हे गाडी ते गाडी. हिच्या कारबोरेटरची दोन तोंडं वरतं वासलेली, त्याच्यावरची जाली अजून लावलीच नव्हती. गटगट गेलं ना पानी आतमंधी!

आन मांगून आवाज आला, अरे गेंद्या! गाढवा! डोकसं आहे का मडकं आहे बे तुह्यं!

ढोलवालाही थांबला. आन मी हासून राहिलो, डोऱ्यातून पानी जाऊन राहिलं. दादा लाल झालेला, म्हनते, काऊन हासतेस बे? मी म्हनलो, दादा, तू माह्यासंग बोलला. त्यानं इंजनाकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं. वहिनीनं पदर तोंडाले लावला. दादा म्हनला, बोललो तं बोललो, आता पाना आन.

त्या दिवशी गाडी सुरू झाली नाही. सारी मंडई पाहून राहिली आन आमी दोघं भाऊ कारबोरेटर काढून, प्लग काढून, पानी पुसत बसलो, आन दादा हातानं पुसे आन तोंडानं मले धुये. दुसऱ्या दिवशी सुरू झाली. असा धूर, असा आवाज, का शेजाऱ्याचे बैल दावं तोडून गेले.

आता दादाचे गुडघे गेले. बांधी त्याच्याच नावानं आहे, भिताडही आहे, आमी पाडलं नाही. नवेगाव बांधच्या तलावावर जातो कधी, मी चालवतो, दादा बाजूले बसते आन जाऊन-येऊन मले शिकवते, गेर असा नाही टाका लागत, क्लच सोड, गाढवा. मले गोड लागते ते. पन गाडी नीट चालली का दादाचं काही काम नाही राहत, तो आपल्या घरी, मी माह्या घरी, आठ-आठ रोज भेट नाही. मांगच्या महिन्यात पंपातून तेल गराले लागलं आन सकारीच भिताडावरून आवाज, गेंद्या, पाना आन. तुमी देवाले जासान तं माह्यासाठी एवढंच मांगा, दादाचे हात चालू राहो, आन गाडी थोडी थोडी बिघडत राहो.