ताईची जुन्या-नव्याची यादी

...नाही, पण घाबरायचं तरी किती माणसानं? तुम्हीच सांगा! थोरली बहीण, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, डावा हात छातीशी दुमडलेला, चाल लंगडी, बोलणं सावकाश... रागावणं मात्र सुसाट! छापखान्यात प्रुफं तपासते, तीस वर्षं झाली, तिच्या लाल पेनातून एक वेलांटी निसटेल तर शपथ! मागं तिच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाई बोलून गेल्या, ‘‘सेरेब्रल पाल्सी असलेल्यांना स्ट्रोकचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हं, बीपी सांभाळा.’’ झालं! माझी झोप उडाली, आणि हिनं काय करावं? कागद घेतला आणि यादी केली! डावा हात वाकडा - जुनं. हसताना ओठ एकीकडे - जुनं. ‘स’ला जीभ अडते - जुनं. वर मला म्हणते, ‘‘यात नसेल... ते नवं. नवं दिसलं... की पळायचं.’’

तेव्हापासून तुम्हाला सांगतो, रोज सकाळी मी तिचं तोंड न्याहाळतो. ‘‘ताई, ओठ आज जरा जास्तच...’’ ‘‘जुनं!’’ ‘‘ताई, पाय ओढतेस का गं?’’ ‘‘जुनं! चहा पी!’’ एकदा तर बोलणं फारच बोबडं वाटलं म्हणून थेट रिक्षात घातली, तर तोंडात गरम बटाटा होता हो! घाबरायचं तरी किती?

आणि परवा, भर दुपारी, छापखान्यातून फोन. ‘‘ये. नवं आहे.’’ बस्स! धावत सुटलो. जाऊन बघतो तर ही पानावर बोट टेकून बसलेली. लाल खूण शब्द सोडून खाली घसरलेली... आणि हात कुठला? उजवा! धडधाकट! ‘‘तीस वर्षांत... माझी खूण चुकली नाही. रिक्षा आण.’’

दवाखान्यात एक तरणा डॉक्टर. बघतो तिच्याकडे, विचारतो मला! ‘‘यांचं हे जन्मापासूनचंच ना? मग बसा, नंबर येईल.’’ बसा? अहो, एकेक मिनिट मोलाचं! आणि मी शहाणा काय करतो? ‘हो हो’ म्हणत बाक शोधतो! ताईनं मात्र यादी त्याच्या नाकासमोर धरली, त्याच दुमडलेल्या डाव्या हातानं! ‘‘वाचा. उजवा हात... यात नाही. बाराला... नीट होता. साडेबाराला... गेला.’’ त्यानं वाचलं आणि धावलाच की हो! स्कॅन, मेंदूत गुठळी, इंजेक्शन... सगळं वेळेत!

संध्याकाळी तोच डॉक्टर येऊन म्हणतो, ‘‘इतकं स्पष्ट सांगणारा पेशंट मी पाहिला नाही.’’ स्पष्ट! जिचं वाक्य लोक जन्मभर अर्ध्यावर तोडत आले, ती स्पष्ट! इतका अभिमान वाटला मला... हुंदकाच फुटला, कॉटपाशी, सगळ्यांदेखत!

नर्स दचकली. ‘‘अहो, यांना काय होतंय?’’

ताईनं लाल पेन मागितलं. उजव्या हातात घेतलं, बोटं अजून थरथरत होती, तरी यादीच्या तळाशी एक ओळ लिहिलीच, आणि कागद नर्सपुढे सरकवला. ‘भाऊ रडतो - जुनं.’

आता यादीतच आलं म्हटल्यावर करता काय! रडलो आणखी थोडा.