सुगरणीची घरटी आणि रेशमाची ठिणगी

मंडळी, ऐका! आज आधी प्रश्न, मग गोष्ट. आपल्या हातून चूक झाली. कुणी पाहिली नाही. साक्षीदार नाही, पुरावा नाही. वर दुसऱ्याच कुणीतरी ती आपल्या डोक्यावर घेतली! आता सांगा, ती चूक कुणाची? – हां, लगेच माना हलवू नका! मंडपात सगळेच हरिश्चंद्र असतात. घरी दूध उतू गेलं की खरं कळतं – "मी नाही बाई, गॅसच मोठा होता!"

तर चला येवल्याला. पैठणीचं गाव! विणकर आळीत राहायचे त्र्यंबकतात्या. तात्यांच्या पदरावरचा मोर बघून गिऱ्हाईक म्हणायचं, "आता हा ओरडणार!" पण मोराआधी तात्याच ओरडायचे! इतके तापट.

त्यांची सून शलाका. पैठणीचा नक्षा, म्हणजे विणायच्या नक्षीचा आराखडा काढायची – कागदावर नव्हे, घरच्या कॉम्प्युटरवर. एक चौकोन म्हणजे एक धागा! तात्या आधी गरजले, "माग असलेल्या घरात हा डबा कशाला?" पण पोरीनं त्या डब्यात काय काढलं? पदरावर बाभळीची फांदी आणि तिला लोंबणारी सुगरणीची घरटी! तात्या बघतच राहिले. "अगं, हा पक्षी तर आपल्याच धंद्यातला!"

हा नक्षा दसऱ्याला नाशिकच्या प्रदर्शनात दाखवायचा होता. शलाकाचा पहिला, स्वतःचा. दुसरी प्रत काढून ठेवली होती? – तुम्ही ठेवता का हो? मग तिला कशाला हसता!

आली खंडेनवमी. अवजारांची पूजा! तात्यांनी मागाला हार घातला, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला गंध लावलं. मग वाटलं, डबासुद्धा आता घरचाच झाला, त्याला उपाशी कसं ठेवायचं? शलाका स्वयंपाकघरात पुरण वाटत होती. तात्या रेशमी सोवळं नेसून, लोकरीच्या आसनावर बसले. प्लग काढला – तेवढं शहाणपण होतं! – आणि कॉम्प्युटरच्या पेटीचं झाकणच उघडलं. देवाचं तोंड दिसल्याशिवाय कुंकू कुठे लावायचं?

आत ही धूळ! तात्यांनी जवळचं सगळ्यात मऊ फडकं घेतलं. विणकराच्या घरात सगळ्यात मऊ काय? रेशीम! घासतायत, पुसतायत, प्रेमानं. हवा कोरडी खडखडीत. बोट आतल्या पट्टीपाशी गेलं, आणि – चट्ट! निळी ठिणगी!

तात्यांना वाटलं, देव पावला!

पण क्षणभरच. कोरड्या हवेत रेशीम रुसतं, धागे फुलतात, बोटाला चटका देतात; म्हणून तर मागाभोवती पाणी शिंपडायचं – हे तात्यांना जन्मापासून ठाऊक. कुंकू तसंच राहिलं. झाकण लावलं, प्लग खोचला, आणि गुपचूप मागापाशी जाऊन बसले.

जेवणं झाली. शलाकानं कॉम्प्युटर लावला. पेटीतला पंखा घुरघुरला, पण पडदा काळाच!

"आई, काल दिवसभर वीज जात-येत होती. मी प्लग काढला नव्हता. दाब वाढून सगळं जळलं वाटतं," शलाका म्हणाली.

तात्यांच्या घरच्या काशीकाकू अस्सल सासूच्या आवाजात सुरू झाल्या, "किती वेळा सांगितलं! शेजारचा टीव्ही कालच बसला ना? प्लग ओढायला हात दुखतात का?"

"चुकलं आई. माझंच चुकलं."

मंडळी, तात्या पलीकडेच! सगळं ऐकतायत. कुणी पाहिलं नाही. दोष वीज मंडळावर गेला, सुनेवर गेला. सुटका! तुम्ही काय केलं असतं? – बघा, आता मान हलत नाही कुणाची!

शलाकानं डोळे पुसले, फोन उचलला. "नाशिकला सांगते, माझं नाव काढून टाका."

"ठेव तो फोन!" तात्या ओरडले. पण आवाज मध्येच चिरकला. "पोरी, विजेनं नाही केलं. मी केलं. रेशमानं पुसत होतो. ठिणगी उडाली."

काकूंचा हात तोंडावर. "अहो! सोवळ्यात?"

"सोवळ्यातच. म्हणून तर उडाली."

तात्या मान खाली घालून उभे. सुनेसमोर सासरा! आता ती काय बोलणार? शलाका तर पुढे सरकली. "तात्या, कुठे उडाली? नेमकी जागा सांगा!"

"त्या दोन उभ्या पट्ट्या आहेत ना, त्यातली बाहेरची."

"फक्त तिथेच?"

"विणकर आहे मी! कुठल्या धाग्याला हात लागला ते विसरेन?"

शलाका हसली हो! तिनं प्लग काढला, पेटीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवला. "अंगातली वीज आधी इथे उतरवायची, तात्या. देवळाच्या पायरीला हात लावतो ना, तसं." बाहेरची पट्टी अलगद काढून ठेवली. "नक्षा या पट्टीत नसतोच. ही कॉम्प्युटरची कामापुरती आठवण; नक्षा साठतो दुसरीकडे. उरलेल्या एका पट्टीवर चालेल, जरा हळू."

प्लग पुन्हा खोचला, बटण दाबलं. आणि पडद्यावर हलके हलके – घरटी! एक नव्हे, फांदीभर!

तात्यांनी आधी काय केलं? हुकूम सोडला – "दुसरी प्रत काढ! आत्ता!"

नाशिकला लोकांनी नक्षा पाहिला. म्हणाले, "सुरेख! पण एवढं बारीक विणणार कोण?" शलाका म्हणाली, "माझे सासरे. कुठल्या धाग्याला हात लागला, ते कधी विसरत नाहीत."

घासता रेशीम ठिणगी उठे ।
घासता मीपण माया तुटे ।
माथा भुईशी जेव्हा भेटे ।
तेव्हाच भार ओसरे ॥

बघा, तात्या गप्प बसले असते तर? अख्खी पेटी जळली म्हणून भंगारात जात होती, आणि घरटी तिच्यासोबत! खरं बोलल्यानं नुसतं पुण्य नाही मिळालं – बिघाड कुठे आहे, ते कळलं!

तर घरी स्पाइक गार्ड लावा, अर्थिंग तपासा, आभाळ गडगडलं की प्लग ओढा. पण तुमचं काय हो? आपल्या चुकीसाठी घरात कोण बोलणी खातंय? सून? धाकटा भाऊ? सांगून टाका! आत्ता बाहेर जाऊन फोन केलात तरी चालेल. एरवी कीर्तनातून उठलेलं मला खपत नाही – पण त्यासाठी कुणी उठलं, तर हा टाळ खाली ठेवून मी स्वतः वाट करून देईन!

आं? तिकडे मागून एक जण उठला! वाट द्या, मंडळी, वाट द्या – आणि त्याच्यासाठी म्हणा, विठ्ठल, विठ्ठल!