टेम्पोतली चार वर्षं

जयंती : बंद करा ते.

सीताराम : अगं, पूर्ण ऐक तर.

जयंती : ऐकलं. कुणाचं आहे ते कळलं मला. बंद करा, तिकडे माझी भाजी करपेल.

सीताराम : गॅस मघाशीच बंद केला मी. दोन कडवी झाली, तू अशीच दारात उभी आहेस हातात उलथणं धरून.

जयंती : कुठून मिळालं तुम्हाला हे?

सीताराम : तुमच्या गाण्याच्या पार्टीचे जयवंतदादा, त्यांच्या नातीनं पाठवलं. श्रुतिका नाव तिचं. ते सगळे कांदिवलीला असतात आता. दादांच्या कपाटात कॅसेटींचा डबा निघाला, तर तिनं एकेक करून सगळ्या मोबाईलवर उतरवून घेतल्या. हा शहाऐंशीचा कार्यक्रम म्हणे. गोवंडीचा.

जयंती : गोवंडीचाच. मध्ये कुत्रं भुंकतंय ना? स्टेजखाली येऊन बसलं होतं मेलं, उठायलाच तयार नाही. लता गाता गाता त्याला बिस्किटं टाकत होती.

सीताराम : म्हणजे पहिला आवाज लताबाईंचा.

जयंती : हो, पहिला तिचा. दुसरं कडवं माझं. केवढा वर लावलाय बघा! बावीस वर्षांची होते मी. कुठून यायचा एवढा श्वास, कोण जाणे.

सीताराम : परत लावू?

जयंती : लावा. थोडं मोठ्यानं लावा.

(गाणं पुन्हा वाजतं. मग मोबाईल बंद होतो.)

जयंती : एप्रिल लागला की आमचं पायाला भिंगरी लावल्यासारखं असायचं. माझ्या वाढदिवसाला तर मी कधी घरीच नसायचे. आई म्हणायची, भीमजयंतीच्या दिवशी झाली म्हणून नाव जयंती ठेवलं, तर ही त्या दिवशी नेमकी बाहेर! सकाळी कंपनीत पॅकिंगला बसायचं, संध्याकाळी टेम्पोत. मी, लता, जयवंतदादा, ढोलकीवाला, दोघं टाळ वाजवणारे. पेटी कुणाच्या मांडीवर ठेवायची ह्यावरून रोज भांडण. लताची नि माझी एकसारखी साडी, पांढरी, निळ्या काठाची. घामानं तिचा काठ उतरायचा आणि मानेवर निळा डाग पडायचा. दादा म्हणायचे, लता, तू तर गळ्यात झेंडाच घालून आलीस!

सीताराम : आणि ज्येष्ठमध.

जयंती : तुम्हाला कसं माहीत?

सीताराम : गाणं संपलं की तोंडात काहीतरी टाकायचीस. मी एकदा ढोलकीवाल्याला विचारलं होतं, त्या बाई काय खातात म्हणून.

जयंती : काय हो! हे कधी बोलला नाहीत.

सीताराम : आपल्यात गाण्याचा विषयच कुठे निघायचा?

जयंती : तेही खरंच. चला, जेवायला बसा.

सीताराम : थांब. त्या मुलीनं गाणं नुसतं ऐकायला नाही पाठवलं. दादांना ऐंशी पूर्ण झाली. रविवारी कांदिवलीच्या विहारात त्यांचा सत्कार आहे. पार्टीतले जे उरलेत ते सगळे येणार. लताबाई तर गेल्याच. तू हे गाणं म्हणावंस असं दादांनी सांगितलंय. त्यांनी स्वतः.

जयंती : वेड लागलंय का? सदतीस वर्षं झाली. साधी अंगाई म्हटली नाही मी.

सीताराम : आपली रेवती तान्ही असताना म्हणायचीस.

जयंती : गुणगुणायचे. ते वेगळं. नाही जमणार म्हणून सांगा तिला. एवढ्या लोकांसमोर जाऊन दादांच्या कार्यक्रमाची वाट लावायची का मी?

सीताराम : तू सांग. मी नाही सांगणार.

जयंती : का?

सीताराम : एकदा तुझ्या वतीनं सांगितलं होतं ना मी. लग्न झाल्यावर, मुलुंडच्या कार्यक्रमानंतर. दादा घरी आले होते पुढच्या तारखा द्यायला, तू मोरीत होतीस. मी बाहेरच्या बाहेर सांगून टाकलं, आता ती नाही येणार. आणि रात्री तुला म्हटलं, लोक शिट्ट्या मारतात, काहीबाही बोलतात, पुरे झालं हे.

जयंती : आता जेवायच्या वेळी हे कशाला?

सीताराम : जयंती, त्या दिवशी कुणी शिट्टी मारली नव्हती.

जयंती : माहीत आहे मला.

सीताराम : माहीत आहे?

जयंती : अहो, स्टेजवर मी होते. शिट्टी वाजली असती तर सगळ्यांत आधी मलाच नसती का ऐकू आली?

सीताराम : मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?

जयंती : आधी तुम्ही सांगा. असं का केलंत? तुमच्या आईचं म्हणाल तर त्यांनी कधी अडवलं नाही मला. उलट माझ्या साडीला इस्त्री करून आणायच्या.

सीताराम : आईचं नाही काही. माझंच. तू घरी असायचीस ना, तेव्हा दमलेली असायचीस. कंपनी, पाणी भरणं, स्वयंपाक. बोलायचीस चांगलं, पण दमलेली. आणि तिकडे स्टेजवर गेलीस की चेहराच बदलायचा तुझा. मी खाली बसून बघायचो. लग्नाआधी ते बघायला आवडायचं, त्यासाठीच तर यायचो. लग्नानंतर वाटायला लागलं, हे असं घरी माझ्याकडे बघून का नाही होत? तिसऱ्याच कार्यक्रमाला नाही सहन झालं मला. एवढंच. ह्यात कुणी शिट्टी मारायची काय गरज होती?

जयंती : एवढंच होय.

सीताराम : तुला राग नाही आला?

जयंती : आला होता. दोन वर्षं होता. मग एक दिवस गेला. तो कसा गेला हे मी पण तुम्हाला सांगितलेलं नाही.

सीताराम : सांग.

जयंती : रेवती सहा महिन्यांची होती. तुमची सेकंड शिफ्ट. ताईकडे जाऊन येते म्हणून तिला कडेवर घेतलं आणि गेले ती दादांकडे. ठरवूनच गेले होते, तुम्हाला न विचारता परत सुरू करायचं. दारातच गाणं ऐकू आलं. आत एक पोरगी बसली होती, मधुवंती नावाची. सतरा-अठराची असेल. माझंच कडवं म्हणत होती. आणि काय म्हणत होती! मी जिथे जोर लावायचे तिथे ती सहज जात होती. मी चप्पलसुद्धा काढली नाही.

सीताराम : दादा काही बोलले नाहीत?

जयंती : बोलले ना. ये, बस, तू पण म्हण, दोघी मिळून म्हणा. चहा टाकायला सांगितला. मला एवढं भ्यायला झालं, की आता हिच्या शेजारी बसून म्हणायचं म्हणजे... मी म्हटलं, नको दादा, आमच्या ह्यांना आवडत नाही. आणि निघाले. तेव्हा पहिल्यांदा म्हटलं तसं. ते इतकं सोपं गेलं ना, मग सगळ्यांना तेच सांगत राहिले. ताईला, कंपनीतल्या बायकांना. रेवतीलापण.

सीताराम : रेवती मला बोलली होती. कॉलेजात असताना. पप्पा, तुम्ही आईचं गाणं बंद केलंत.

जयंती : मी आत स्वयंपाकघरात ऐकत होते. वाटलं होतं, तुम्ही काहीतरी बोलाल.

सीताराम : बोलणार काय? खरंच होतं ते.

जयंती : अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मी बाहेर येऊन सांगायला पाहिजे होतं. नाही आले. पोरगी चार दिवस तुमच्याशी बोलली नाही, तरी नाही आले.

सीताराम : असू दे.

जयंती : असू दे काय! आज संध्याकाळी फोन करून सांगणार आहे मी तिला.

सीताराम : एक विचारू? पण खरं सांग. ती चार वर्षं, टेम्पोतली... तुझ्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची होती का?

जयंती : खोटं सांगू की खरं?

सीताराम : खरं म्हटलं ना.

जयंती : हो.

सीताराम : हं.

जयंती : तुम्ही विचारलंत म्हणून.

सीताराम : हो, हो. मीच विचारलं.

जयंती : तसं नका हो तोंड करू. रेवती झाली तेव्हा आनंद झाला, हे घर झालं तेव्हा झाला. तुमची बायपास झाल्यावर तुम्ही डोळे उघडलेत ना, तेव्हा तर मी हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडले. पण त्या सगळ्यात काहीतरी काळजी मिसळलेली असायची. पुढचं काय, उद्याचं काय. टेम्पोत उद्या नव्हताच. पहाटे गोवंडीच्या नाक्यावर चहा-पाव खायचा, लता कुणाची तरी नक्कल करणार, आम्ही हसून हसून वेडे होणार, नि तसंच जाऊन सातला कार्ड पंच करायचं. झोप नाही, काही नाही. तरी अंग हलकं. तसं परत नाही झालं कधी. ह्यात तुमचा काही दोष नाही.

सीताराम : मी तक्रार नाही करत. माझीपण तीच आहेत.

जयंती : कोणती?

सीताराम : चौऱ्याऐंशी ते अठ्ठ्याऐंशी. तुला वाटतं तू एकटीच फिरत होतीस? मरोळला पहिल्यांदा ऐकलं, कंपनीच्या मागच्या वस्तीत. मग शिफ्ट बदलून घ्यायचो. घाटकोपर, गोवंडी, मुलुंड, जिथे बोर्डावर तुमच्या पार्टीचं नाव दिसेल तिथे. खाली सतरंजीवर जागा मिळाली तर मिळाली, नाही तर उभाच. तुझं नावसुद्धा माहीत नव्हतं वर्षभर. एवढा खूश मी पुन्हा कधी नव्हतो. आणि ज्या गाण्यापायी तुला मागणी घातली, तेच घरी आणून बंद केलं. माझ्यासारखा मूर्ख बघितलायस कुठे?

जयंती : नाही बघितला. फोन वाजतोय तुमचा.

सीताराम : तीच आहे, श्रुतिका. स्पीकरवर टाकतो, तू बोल. हॅलो, हां बेटा, काकू आहेत इथेच.

श्रुतिका : काकू, जय भीम! रेकॉर्डिंग ऐकलं ना? एकदम झकास आहे यार ते! सॉरी, यार नाही, काकू. मी दहा वेळा ऐकलं. तुम्ही येताय ना रविवारी? पत्रिका आज छापायला टाकायचीय, आजोबा सकाळपासून माझ्या मागे लागलेत.

जयंती : जय भीम बाळा. कसे आहेत दादा?

श्रुतिका : दम लागतो जरा, बाकी मस्त. पेटी वाजवणार म्हणतात, डॉक्टर नको म्हणतात, रोज हाच राडा चालू आहे आमच्याकडे.

जयंती : बाळा, त्यांच्याकडे ती एक मधुवंती होती ना. तिला सांगा. ती माझ्याहून चांगली म्हणते.

श्रुतिका : मधुवंतीमावशी? त्या येतायत ना, नाशिकवरून. आजोबांनी तुमचं नाव सांगायच्या आधी मी त्यांनाच विचारलं होतं, त्याच बोलल्या नाही म्हणून. ते कडवं जयंतीताईंचं आहे, त्या असतील तर मी मागे कोरसला उभी राहीन, अशा बोलल्या.

जयंती : ती मला ओळखते?

श्रुतिका : तुमची हीच कॅसेट लावून लावून शिकल्या म्हणे त्या. आजोबांनी दिली होती. एकदा तुम्ही घरी आला होतात, बाळ घेऊन? तेव्हा त्यांना एवढं टेन्शन आलं होतं म्हणे, आता ह्यांच्यासमोर कसं गायचं! आणि तुम्ही चहा न घेताच निघून गेलात. त्यांना वाटलं, तुम्हाला त्यांचं गाणं आवडलं नाही.

(जयंती मोबाईल स्वतःच्या हातात घेते.)

श्रुतिका : हॅलो? काकू? आवाज येतोय ना?

सीताराम : येतोय बेटा. काकू ऐकतायत.

जयंती : श्रुतिका, मधुवंतीला सांग, मागे उभं राहायचं नाही. शेजारी उभी राहा म्हणावं. मला श्वास कमी पडला की पुढची ओळ तिनं घ्यायची.

श्रुतिका : म्हणजे येताय! डन ना? छापू नाव?

जयंती : छाप. दोघींचं एका ओळीत छाप.

श्रुतिका : येस! आजोबांना सांगते. ठेवते हां, जय भीम!

सीताराम : झालं. आता काय?

जयंती : आता काय म्हणजे? चार दिवस राहिलेत. सूर लागतोय का ते तरी बघायला नको? त्या उंचीला तर जाणारच नाही आता, चांगला खाली घ्यावा लागेल.

सीताराम : घे की खाली. मी बाहेर जाऊन बसू का तोवर? कट्ट्यावर?

जयंती : एवढ्या उन्हात कुठे जाताय? बसा इथेच.

सीताराम : चालेल तुला?

जयंती : बसा म्हटलं ना. तो पंखा तेवढा बंद करा, घरघर फार करतो.

सीताराम : केला. म्हण.