याचा फॉरमॅट करून द्या!

…नाही नाही, पण मले एक सांगा, गाणं आयकाले माणसाले पासवर्ड कायले पाहिजे? चोर काय माह्या खिशातून गाणं काढून घेणार हाय? तुम्हाले सांगतो, आमच्या पुसदच्या बाजारात असं एक दुकान राह्यलं नाही जिथं मी जाऊन हात जोडले नाहीत, का बाबा, मी श्रीकृष्ण, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो, मले सिनेमा पाहाचा नाही, फोटो काढाचा नाही, माही पावलं मोजाची नाहीत, मले फक्त गाणं आयकाचं हाय! अन् समोरचा काय म्हणते? "काका, आधी अकाउंट बनवा लागंन." अरे, गाण्याले अकाउंट?

त्याचं झालं असं, का माह्यापाशी एक जुना प्लेअर होता. काडेपेटीएवढा. त्याले पाच बटनं, त्यातलं एक चालतच नव्हतं, पण कोणतं चालत नाही ते माह्या अंगठ्याले ठाऊक होतं. रोज सकाळी पूस नदीच्या पुलापर्यंत फिराले जायचं, बनियनच्या खिशात प्लेअर, कानात वायर, हात खिशावर. झाली सोय! अन् एक दिवस गच्चीवर गेलो, टाकी भरली का नाही पाहाले वाकलो, अन् तो बनियनच्या खिशातून निघाला… वायर माह्या कानातच अन् तो खाली! खालून आमची रजनी, म्हंजे आमची मिसेस, ओरडली, "अवो, काय पडलं?" म्हतलं, काई नाही. "मंग डुबुक कायचं वाजलं?" आता डुबुकचं काय उत्तर देता? काढला बाहेर, वाळवला, फुंकला, देवापाशी ठेवला. गेला तो गेला. कार्ड तेवढं वाचलं. त्याले पुसलं अन् चश्म्याच्या डब्यात ठेवलं.

मंग सुरू झाली शोधमोहीम. जो भेटला तो म्हणते, फोनवर आयका. अरे, फोनवर गाणं लावलं का दर दोन मिनिटाले टिंग! कोण हाय? सुनीलभाऊ हाय, आमच्या ऑफिसातले, सकाळी पाच वाजता गुलाबाचं फूल पाठवून राह्यले. गाणं चाललं एकीकडं अन् सुनीलभाऊचा गुलाब एकीकडं! मले गुलाब नको, सुविचार नको, मले फक्त गाणं आयकाचं हाय!

पोरगी पुण्याले असते, अनघा. तिनं तिथून एक भारी प्लेअर पाठवला. नुसती काच. कुठूनही दाबा, काहीतरी होतेच. बोट लागलं का भाषा चिनी! फोन केला तिले, म्हतलं, अवं, हे काय पाठवलं? आता पोरगी पुण्यात राहून 'मला-तुला' बोलाले लागली, म्हणते, "बाबा, तो हाय-रेझ आहे, त्यात फ्लॅक फाइल्स ऐकायच्या. आवाजाचा एक कणही कमी होत नाही." म्हतलं, अन् आपल्या एमपीथ्रीत? "त्यात जो आवाज माणसाला ऐकूच येत नाही, तो काढून टाकतात." आता मले सांगा, जो आयकूच येत नाही तो काढला त बिघडलं काय? आमच्या ऑफिसात त्या हिशेबानं अर्धा स्टाफ कमी झाला असता! अन् त्या फ्लॅकचं एकेक गाणं एवढं मोठं, का कार्डात चार घातले का पाचव्याले जागा नाही. केला वापस.

शेवटी गेलो मोईनकडं. बस स्टँडजवळ दुकान हाय त्याचं. चाळीशीचा माणूस, डोक्यावर जाळीची टोपी, हातात सदा कोणाचा तरी उघडा मोबाइल. याच्या वडलानं माह्या लग्नातला रेडिओ दुरुस्त केलता, म्हंजे घरचाच. म्हतलं, मोईनभाई, वाचवा. त्यानं आधी दोन शेंगदाणे काढले, बिनवायरचे, म्हणते, "काका, ये कान में डालो, टेन्शन खतम." घातले. पायरी उतरलो, एक शेंगदाणा नालीत. मंग त्यानं एक डबा काढला, त्यात लाल-निळे लाइट, गाण्यासंगं नाचतात. अरे बाबा, मले काई पाहाचं नाही, मले फक्त गाणं आयकाचं हाय! तवा तो खालच्या ड्रॉवरात वाकला, अन् धूळ झटकत एक पुडकं वर काढलं. पाच बटनं! मी डोळे मिटले, प्लेअर शर्टाच्या आत घातला, वरून अंगठ्यानं दाबून पाह्यलं. पुढं, मागं, बंद, चालू. तुम्हाले सांगतो, डोळ्यात पाणी आलं. मोईन म्हणते, "काका, तब्येत ठीक हाय ना?"

घरी आलो, कार्ड टाकलं. अहाहा! सगळे गाणे चालू. सगळे… एक सोडून. अन् जे एक चालत नव्हतं, तेच मले पाहिजे होतं! स्क्रीनवर इंग्रजीत आलं, फॉरमॅट चालत नाही म्हणे.

आता तुम्हाले खरं सांगतो, पण बाहेर बोलू नका. बाकीचे गाणे मी आयकतच नव्हतो. ते असेच भरून ठेवले होते, दाखवाले. मी रोज एकच फाइल आयकत होतो. सतरा वर्षांमांगं रजनीच्या माहेरी, बोरी अरबले, कोजागिरीच्या दिवशी अंगणात भुलाबाईचे गाणे, पुण्याकडं भोंडला म्हणतात तसे, चालले होते. रजनी पुढं बसून सांगून राह्यली अन् बाकीच्या पोरीबाया तिच्या मांगं. मी आपल्या बटनाच्या मोबाइलवर ते भरलं. अकरा मिनिटं. शेवटी बंद डबा हालवून खाऊ ओळखाचा असते ना, त कोणाले ओळखूच येईना, अन् रजनी अशी हासते… अशी हासते का बस. मंग तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, आवाज बसला, अन् तिनं गाणंच सोडलं. कोणी म्हतलं का म्हणे, "माह्या गळ्याचं खापर झालं आता." अन् मी रोज तिचा तो आवाज घेऊन पुलापर्यंत जात होतो, अन् तिले वाटे मी बातम्या आयकतो! आता घरात बायको बसली असताना तिचाच आवाज कानात घालून फिरतो, हे सांगाचं कसं? लाज वाटते ना राव, या वयात!

केला अनघाले फोन. म्हणते, "बाबा, ती जुन्या मोबाइलची फाइल आहे, एएमआर. तिचा फॉरमॅट बदलावा लागेल. मोईनकाकांना सांगा." झालं! गेलो मोईनकडं, कार्ड ठेवलं काउंटरवर, अन् छाती काढून म्हतलं, याचा फॉरमॅट करून द्या! मोईन म्हणते, "फॉरमॅट?" म्हतलं, फॉरमॅट. "पूरा?" म्हतलं, पूरा! अर्धवट काम मले आवडत नाही. तो थांबला. भला माणूस! म्हणे, "काका, सोचके बोलो, मंग याच्यात काईच राह्यनार नाही." मले वाटलं, तक्रार राह्यनार नाही म्हणते! म्हतलं, राह्यलंच नाही पाहिजे! त्यानं मान हालवली, बटन दाबलं, अन् दोन सेकंदात कार्ड माह्या हातात. म्हतलं, वा मोईनभाई, एवढ्या लवकर?

घरी आलो. प्लेअरमधी टाकलं. कोरं! फाइली शून्य. भुलाबाई शून्य. तवा कळलं का बदलाचा फॉरमॅट वेगळा अन् माराचा फॉरमॅट वेगळा! एकच शब्द, अन् एकानं गाणं वाचते, दुसऱ्यानं मरते! असे शब्द ठेवतेच कायले लोकं? मोईनले पळत जाऊन सांगतलं, त बिचारा शटर अर्धं ओढून दोन तास बसला. त्यानं काढून काढून काय काढलं? तीन सेकंदाचं रेकॉर्डिंग. आवाज माहाच. "हॅलो, हॅलो, चालू झालं काय?" बस! पुढं काई नाही. अन् तो बटनाचा मोबाइल? तो रजनीनं कधीच भांडेवालीले दिला, त्याच्या बदल्यात चहाचा गंज, म्हंजे पातेलं, घेतला. म्हंजे तिचं गाणं गेलं गंजावारी!

दोन दिवस मी फिराले गेलो नाही. तिसऱ्या दिवशी रजनी चहा घेऊन समोर बसली. "काय झालं? पोटात दुखते काय?" म्हतलं, नाही. "सुनीलभाऊसंगं भांडले काय?" म्हतलं, नाही. अन् मंग, काय सांगू तुम्हाले, सगळं सांगून टाकलं. टाकी, डुबुक, मोईन, फॉरमॅट, अन् अकरा मिनिटं. म्हतलं, रजनी, मले बातम्या-बितम्या नाही आयकाच्या, मले फक्त तुहं गाणं आयकाचं होतं. तिनं कप खाली ठेवला. मंग पदरानं डोळे पुसले अन् एकदम भडकली, "सतरा वर्षं! अन् मी इथं घरात मेली होती काय? एकदा म्हणाले काय झालतं, का रजनी, गाणं म्हण?" म्हतलं, तूच म्हणे, गळ्याचं खापर झालं. "मंग तुम्ही म्हणाचं ना, नाही झालं!"

बसलो मंग दोघं. फोन मधात ठेवला, रेकॉर्डिंग चालू केलं, अन् तिनं गाणं म्हतलं. आवाज जाडा झाला तिचा, वर जात नाही, एका ठिकाणी त फाटला. पण तुम्हाले खरं सांगतो, मले तो पहिल्यापेक्षा बरा वाटला. मधात विसरते, मधात मलेच विचारते, पुढं काय हाय, आता मले काय माहीत? अन् मी चुकीचं सांगतलं का हासते. मोईनले निरोप गेला, त तो कॉम्प्युटर घेऊन घरी आला, एमपीथ्री करून दिलं, चार कॉप्या केल्या, अन् जाताना म्हणे, "काका, आता तो शब्द माह्या दुकानात बोलाचा नाही."

आता सगळं झकास हाय. नवा प्लेअर, पाच बटनं, पाचही चालतात. फक्त एक अडचण. तिसरं गाणं रंगात आलं असताना तिनं मधातच मले विचारलं, "अवो, गॅस बंद केला काय?" ते बी रेकॉर्ड झालं! आता मी सकाळी उठतो, माहा चहा मीच करतो, निघतो, अन् बरोबर पुलापाशी पोचलो का कानात… "अवो, गॅस बंद केला काय?" पाय आपोआप मांगं! घरी यायचं, गॅस पाहाचा, बंद असते. रोज बंद असते. माहं फिरणं दुप्पट झालं! अनघा म्हणे, "बाबा, तेवढं कापून देते, दोन मिनिटांचं काम." मी म्हणणारच होतो, काप बाई.

पण परवा वापस आलो त… गॅस चालूच होता!