हिरामावशीच्या नावानं

मी शोभा, मूळची सोनईजवळच्या वस्तीवरची, घरची शेती, बापानं बारावीपर्यंत शिकू दिलं आनि मंग बेलापूरला दिली. काय सांगू तुमाला, मोबाईल चांगला चालवते एवढ्याच गुनावर मला नोकरी लागली. गावात एका शेठचा चटन्या-मसाल्याचा छोटा कारखाना हाय, आठ बायका कामाला. शेठ म्हनले, शोभा, तू आपलं फेसबुक-इन्स्टाग्राम सांभाळ, व्हिडिओ काढ, लोकांना उत्तरं दे.

पयलं मी नुसत्या पाकिटाचे फोटू टाकायचे, कुत्रं इचारत न्हवतं. एक दिवस आमच्या भट्टीवरची हिरामावशी खोबरं भाजत हुती आनि भाजता भाजता मलाच शिव्या घालत हुती, म्हनी पाकीट काय दाखवती गं, कशात काय पडतं ते दाखव. ते मी गुपचूप काढलं आनि टाकलं. लई चाललं बघा. मंग रोज मावशीच. समोरच्याचं नाव न इचारता लेकरा म्हनायची. पुन्या-मुंबैहून लोक लिवायचे, मावशी, तुमाला बघून आई आठवती. तिला लिवता-वाचता येत न्हवतं, मी वाचून दाखवायचे, ती सांगायची ते मी लिवायचे.

दिवाळीनंतर मावशी गेली. सकाळी कामावर आली न्हाई, एवढंच. झोपेतच गेल्ती. दहाव्यावरून आलो तर शेठ म्हनले, तुझ्या मोबाईलमधी तिचे किती व्हिडिओ पडून हायेत? मी म्हनले, चाळीसेक. तर एकेक टाकत जा, शेठ म्हनले, लोकांना कशाला सांगायचं, धंदा बसंल, आठ बायकांच्या चुली हायेत. खरं तर सातच राहिल्या हुत्या.

टाकले. लोक इचारायचे, मावशी, बऱ्या आहात ना? मी लिवायचे, बरी हाय लेकरा. मेलेल्या बाईच्या नावानं, बरी हाय. आदी दोनदा खोडून लिवायचे, मंग सवय झाली, मंग तर इचारच करावा लागंना, तिचे शब्द आपसूक यायला लागले. एकदा घरी जेवताना नवरा म्हनला, आगं, मला लेकरा काय म्हनती? मी ताटावरून उठले.

भंडारदऱ्याकडची एक बाई रोज लिवायची. तिची लेक बाळंतपनात गेल्ती. मावशी, घास उतरत न्हाई, म्हनायची. मी लिवलं, मोबाईल समोर उभा कर, माझा व्हिडिओ लाव आनि एक भाकर खा, मी हाय. ती खायला लागली. रोज कळवायची, आज अर्धी खाल्ली, आज अख्खी.

आनि एका दुपारी ती आलीच. एसट्या बदलत, न सांगता, हातात घरच्या तांदळाची पिशवी. दारातूनच म्हनली, मावशी कुठं हायेत? सगळ्या बायकांचे हात थांबले. मीच तिला आत बसवलं, पानी दिलं, म्हनले, बाई, मावशीला जाऊन तीन महिने झाले. ती हसली. म्हनली, काल तर बोलल्या माझ्याशी. मी म्हनले, ती मी हुते.

तिनं पान्याचा गिलास खाली ठेवला. मंग म्हनली, म्हंजी माझं दुसरं मानूस बी गेलं म्हन की. रडली न्हाई, भांडली न्हाई. पिशवी तिथंच ठेवली आनि निघाली, म्हनली, एसटी चुकंल.

त्याच दिवशी मी पयल्यांदा व्हिडिओत सोताचं तोंड दाखवलं. हिरामावशी गेली, इतके दिवस मीच बोलत हुते, चुकलं माझं, एवढंच म्हनले. शेठ आठ दिस बोलले न्हाईत, पन कामावरून काढलं बी न्हाई. लोकांनी शिव्या दिल्या, बरोबरच हाय त्यांचं. काही म्हनले, आता तुमीच बोला.

तर आता मी बोलते, माझ्या नावानं. मावशीचे सतरा व्हिडिओ राहिलेत, टाकत न्हाई, पुसवत बी न्हाई. कधी भट्टीपुढं एकटीच खोबरं भाजत असले का मागून आवाज येतो, खाली लागतंय गं, हलव. मी हलवते. मागं बघत न्हाई. त्या बाईचा काई निरोप न्हाई, मी रोज बघते. जिथं असंल तिथं सुखात राहू दे.

तुमी माझी गोष्ट लिवून घ्यायला आलात, एवढं ऐकलं, देव तुमचं बरं करो. लिवा, पन एक करा, वाचून दाखवा मला, कुठं मावशी बोलली आनि कुठं मी, ते मला आता कळत न्हाई.