महादेवीच्या सोयरिकीचा फोटो

कॅमेऱ्याचं नाव काढलं की मला अजून कुंभारी गावची महादेवी आठवते. सत्तर-बाहत्तरची गोष्ट. महादेवी म्हणजे माझा मित्र बसवराज, त्याची धाकटी बहीण. स्थळाला पाठवायला तिचा फोटो हवा होता. मी नुकताच जुना डबा कॅमेरा घेतलेला. म्हटलं, "स्टुडिओ कशाला? मी काढतो की! शहरात बाळीवेशीत एक जण घरच्या न्हाणीतच रोल धुतो. लई स्वस्त!"

फोटो धुऊन आला आणि मी बसवराजच्या घरी जाऊन ऐटीत बंद पाकीटच मध्यस्थ पाव्हण्यांच्या हातात दिलं. त्यांनी उघडलं आणि फोटो बसवराजच्या वडिलांपुढं धरला. महादेवीच्या आधी मी अंगणातल्या शेळीचा फोटो काढला होता आणि रोल पुढं सरकवायचा विसरलो होतो. दोघी एकाच फोटोत आल्या होत्या. महादेवीच्या कपाळातून शिंगं निघाली होती.

बसवराजचे वडील म्हणाले, "ही आमची पोरगी व्हय?"

चहा घेऊन आलेल्या महादेवीनं वाकून बघितलं. "शेळी लई देखणी आलीया की, दादा," ती मला म्हणाली. "आता स्थळ तिलाच बघा."

सगळे खो खो हसले. माझ्या हातात कप देताना तिचे डोळे मात्र भरलेले दिसले.